प्रशासकीय कारणास्तव

बाईंनी सही केली की माणूस हलायचा. तिसऱ्या मजल्यावरचा पहिल्यावर, पहिल्यावरचा मागच्या इमारतीत, मागच्या इमारतीतला पुन्हा तिसऱ्यावर. त्या मोठ्या सरकारी कार्यालयात बाई प्रशासन आणि मनुष्यबळ विभागाच्या संचालक होत्या, आणि कुणी कुठल्या खुर्चीत बसायचं हे त्यांच्या मर्जीवर चालायचं. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की बदलीबाई. हे दुसरं नाव बाईंच्या कानावर केव्हाच आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं.

बदली का झाली हे त्या कधी सांगायच्या नाहीत. आदेशात ठरलेले दोन शब्द असायचे, 'प्रशासकीय कारणास्तव'. या दोन शब्दांच्या पोटात काय काय मावायचं म्हणून सांगू! बैठकीत पेनाची टिकटिक करणारा मावला. जिन्यात शीळ घालणारी टंकलेखिका मावली. बाई रजेवर असताना त्यांच्या खोलीतला पंखा उचलून स्वतःच्या टेबलापाशी लावणारा खरेदी विभागाचा प्रमुखही मावला. बाई रजेवरून आल्या, पंख्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. संध्याकाळच्या आत तो गृहस्थ तळघरात होता. तेव्हापासून त्याला सगळे पंखेवाले साहेब म्हणायला लागले.

तळघर म्हणजे अभिलेख शाखा. जुन्या फायली सांभाळायच्या, कुणी मागितली तर शोधून वर पाठवायची. ना खिडकी, ना फोनला रेंज, ना साहेबलोकांची ये-जा. आई लेकराला बागुलबुवाची भीती घालते तशी कार्यालयात तळघराची भीती घातली जायची. बाकी कुठेही बदली झाली की आठवड्याच्या आत रडगाणं सुरू व्हायचं. गुडघे दुखतात, सासूबाई आजारी आहेत, तिथलं पाणी सोसत नाही. तळघरातून मात्र परत वर घ्या म्हणून आजवर एकाचाही अर्ज आला नव्हता. बाईंच्या मते माणूस सुतासारखा सरळ करायला तळघरासारखी जागा नाही, याचा तो पुरावाच होता. त्या कधी तपासणीला खाली उतरल्याच, तर सगळे फायलींत डोकी खुपसून बसलेले असायचे आणि कुणीतरी एखादा सुस्कारा टाकायचं. बाईंना क्षणभर वाईट वाटायचं. जिना चढेपर्यंत ते ओसरायचं.

अशा या बाई एका शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. आणि ज्या बाईंना अख्खी इमारत वचकून असायची, त्यांची स्वतःची घाबरगुंडी उडाली होती. कारण एकच प्रश्न त्यांना काही केल्या सुटेना. सोमवारी सकाळी जायचं कुठे?

घरी, असं तुम्ही म्हणाल. पण घरात बाईंसाठी जागा रिक्त नव्हती. त्यांचे यजमान बँकेतून आधीच निवृत्त झाले होते, आणि बाई इकडे माणसं हलवत असताना त्यांनी तिकडे स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. डब्यांना चिठ्ठ्या, सुऱ्यांना खाचा, फडक्यांना वार नेमून दिलेले. एका रविवारी बाईंनी सवयीने मिठाचा डबा उचलून खिडकीशी ठेवला, तर यजमान दिवसभर घुम्यासारखे वागले. संध्याकाळी म्हणाले, "अगं, तू हॉलमध्ये बस ना जरा. टीव्ही लावून देतो." आपली बदली हॉलमध्ये झाली आहे हे बाईंनी ओळखलं. आता सोमवारपासून रोज हॉल. त्या हे कुणापाशी बोलल्या नाहीत. बोलणार तरी कुणापाशी, ज्याच्याशी बोलायचं तो माणूस त्यांनी कधी ना कधी हलवलेलाच होता.

त्या कार्यालयात निरोपाची एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याने त्या दिवशी खरं बोलायचं आणि त्याच्याशीही सगळ्यांनी खरं बोलायचं. कुणी राग मानायचा नाही, कारण जाणारा पुन्हा येणार नसतो. मग जेवण, मग गुच्छ, आणि दुपारीच घर गाठायचं. एरवी या रीतीत फार तर कॅन्टीनच्या चहाचा उद्धार व्हायचा. बाईंच्या वेळी मात्र सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पायऱ्यांवर बसले, खिडक्यांत बसले. इतकी वर्षं साठलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं.

बाईंनीच नारळ फोडला. सचिवांकडे वळून त्या म्हणाल्या की साहेबांच्या भाषणाच्या अधेमधे चहा येतो तो लोकांना तरतरी यावी म्हणून नव्हे, जागं करावं म्हणून येतो, आणि ती सोय आपणच केली आहे. सचिवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग काय, बांधच फुटला. लेखा अधिकारी उठले आणि म्हणाले की बाई लिफ्टमध्ये शिरल्या की आपण नको असलेल्या मजल्यावर उतरून जिन्याने जातो. वरच्या मजल्यावरची एक टंकलेखिका म्हणाली की बाईंच्या बुटांचा आवाज ओळखायचं प्रशिक्षण नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दिलं जातं. शिपायाने बाईंच्या चालण्याची नक्कल करून दाखवली आणि दाद मिळाली म्हणून दुसऱ्यांदाही दाखवली. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लोकांना त्या हसतात हेच माहीत नव्हतं. तळघरातली मंडळी तेवढी मागच्या रांगेत माना खाली घालून गप्प होती, आणि पंखेवाले साहेबांना काही बोला म्हटलं तर त्यांनी नुसता हात हलवला.

शेवटी उपसंचालक उठले. वर्षानुवर्षं बाईंच्या हाताखाली दोन नंबरवर राहिल्यामुळे त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणायचे. केस पांढरे झाले तरी धाकटे ते धाकटेच. बाईंची खुर्ची आता त्यांच्याकडे येणार होती, आणि ती पाहायला त्यांची म्हातारी आई पहिल्या रांगेत येऊन बसली होती. मुलगा खुर्चीत नीट दिसावा म्हणून तिने चष्म्याचा नंबर बदलून आणला होता. धाकटे साहेब घसा खाकरून म्हणाले, "मॅडमच्या हाताखाली काम करताना मला कधी राग आला नाही, असं मी म्हणणार होतो. पण आज खरं बोलायचंय. रोज आला." सभागृह खदखदून हसलं. आईने पोराकडे डोळे वटारले. धाकटे साहेब पुढे म्हणाले, "आणि जे काही येतं, ते त्यांनीच शिकवलं." ते बसले तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला.

जेवण झालं, गुच्छ झाला, पण बाई घरी जाईनात. कार्यालय सुटायच्या आत खुर्ची सोडायची नाही हा त्यांचा जन्माचा हेका, तो शेवटच्या दिवशी कशाला मोडतील? शिवाय घर म्हणजे हॉल. त्या आपल्या खोलीत गुच्छासमोर बसून राहिल्या.

थोड्या वेळाने धाकटे साहेब दारात आले. मॅडम दमला असाल, गाडी तयार ठेवलीय, म्हणाले. बाई म्हणाल्या, दमले नाही. ते गेले. पुन्हा आले. आता रस्त्यावर गर्दी वाढेल म्हणाले. बाई म्हणाल्या, वाढू दे. ते गेले, आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि कपाळावर घाम होता. त्यांनी एक कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. "वरून आलाय. आता टपाल माझ्याकडे येतं म्हणून मी उघडला. तुम्ही वाचा."

कागद निवृत्तीच्या वयाचा होता. साठाचं बासष्ट केलं होतं, आजपासून. बाईंनी दोनदा वाचला आणि मग त्यांना आठवलं. हा प्रस्ताव त्यांनीच पाठवला होता. जुनी जाणती माणसं भराभर निवृत्त होत होती, म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी तो लिहिला, आणि मग सरकारी कागदाचं जे होतं ते त्याचं झालं. तो या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिला, आणि बाईही त्याला विसरून गेल्या. आदेशाच्या दिवशी निवृत्त होणाऱ्याला तो कार्यालय सुटायच्या आत जागेवर मिळाला तर त्यालाही हे लागू, हे वाक्यसुद्धा त्यांच्याच हातचं. घड्याळात बघितलं तर कार्यालय सुटायला अजून अवकाश होता. दुपारी गुच्छ घेऊन घरी गेल्या असत्या तर सुटल्या असत्या, किंवा अडकल्या असत्या, काय म्हणायचं ते म्हणा.

धाकटे साहेब अभिनंदन मॅडम म्हणाले आणि दार हलकेच ओढून गेले. दार लागलं मात्र, या बाईंनी, साठ वर्षांच्या, करड्या आवाजाच्या, खोलीच्या मधोमध उभं राहून एक गिरकी घेतली. मग दुसरी घेतली. मग खुर्चीत बसून तिच्यासकट एक गिरकी घेतली. सोमवारी सकाळी जायला जागा होती! त्यांनी यजमानांना फोन केला. दोन वर्षं वाढली हे ऐकून यजमान अरेरे म्हणाले, पण फोन ठेवायच्या आत पलीकडून गुणगुणणं ऐकू आलं.

बातमी इमारतीत वणव्यासारखी पसरली, आणि सकाळी वाघ झालेल्या माणसांची मांजरं झाली. बदलीबाई सोमवारी परत! लेखा अधिकारी धावत आले, म्हणाले लिफ्टचं ते मी आपलं गमतीत बोललो, मला मुळात जिनाच आवडतो. टंकलेखिका दारातच रडायला लागली. शिपाई तर बाईंसमोर चालायलाच तयार होईना, उभ्याउभ्या बाजूने सरकायला लागला. सचिवांचाही निरोप आला की पुढची भाषणं आपण आटोपशीर करणार आहोत. बाई सगळ्यांना बरं बरं म्हणत होत्या. इतकी मजा त्यांना उभ्या नोकरीत आली नव्हती.

गर्दी ओसरली तेव्हा त्यांचं लक्ष उघड्या दाराबाहेर गेलं. बाकावर धाकट्या साहेबांची आई बसली होती. तिला कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. खुर्चीचा कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघत ती नव्या चष्म्याची काच पुसत होती. शेजारी धाकटे साहेब पायाकडे बघत बसले होते. आणि तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या खुर्चीवर येणाऱ्याला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झालेली नसावीत, हा नियम होता. तोही त्यांनीच केलेला. धाकट्या साहेबांना पुढच्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. तो कागद आधी धाकट्या साहेबांच्याच हातात होता, खणात टाकून कार्यालय सुटेपर्यंत गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. तिसऱ्या खेपेला त्यांना घाम का फुटला होता ते बाईंना आता कळलं.

बाईंना स्वतःचाच राग आला. गिरक्या घेताना आपल्याला दुसरं कुणी आठवलंच नाही याची लाज वाटली. राजीनामा द्यावा, तर पुन्हा हॉल. न द्यावा, तर ती म्हातारी बाकावर. त्यांनी डोकं धरलं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे पेच एकाच उपायाने सोडवले होते, माणूस उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा. मग त्या एकदम ताठ बसल्या. या इमारतीतल्या कुणाचीही बदली करायचा अधिकार आपल्याला आहे. कुणाचीही म्हणजे कुणाचीही. अन् आपण याच इमारतीत आहोत की!

त्यांनी लघुलेखिकेला आत बोलावलं आणि आदेश सांगायला सुरुवात केली. संचालकांची बदली अभिलेख शाखेत, पगार आहे तोच, रिकामं होणारं पद तातडीने उपसंचालकांना. लघुलेखिकेचा हात थांबला.

"मॅडम, नाव चुकलं का? हे तर तुमचंच आहे."

"बरोबर आहे. पुढे लिही."

"तळघर? मॅडम, तळघर?" तिने पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. "कारण काय लिहू?"

"नेहमीचंच," बाई म्हणाल्या.

संचालकाच्या खुर्चीचा प्रश्न असल्यामुळे या आदेशाला मात्र सचिवांची मान्यता लागणार होती. सकाळच्या भाषणानंतर बाईंना दोन वर्षं समोर बघण्याऐवजी तळघरात पाठवायचं म्हटल्यावर त्यांनी इतक्या घाईने सही केली की कागद फाटता फाटता वाचला. कार्यालय सुटायच्या आत धाकटे साहेब खुर्चीत बसले. आईने डोळे भरून पाहिलं आणि जरा पाठ टेकून बस म्हणाली. धाकट्या साहेबांना हुंदका आवरेना. तुम्ही तळघरात, माझ्यासाठी, असं काहीतरी ते पुटपुटत राहिले. बाईंनी त्यांना दटावलं की खुर्चीत बसून रडायचं नाही, तो पहिला नियम.

सोमवारी बाई तळघराचा जिना उतरल्या. मनात धाकधूक होती. आपणच पाठवलेली माणसं, आता आपल्याला काय मान देणार, मोकळेपणाने शिव्या देतील, आणि द्याव्यातच, असं त्यांना वाटत होतं. नेहमीचे बूट शुक्रवारी घरी जाताना जिन्यात तुटले म्हणून पायात कापडी चपला होत्या. त्यामुळे त्या आल्याची चाहूल कुणालाच लागली नाही.

दार ढकललं आणि बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आत मोडीत निघालेल्या कपाटांची दारं जोडून टेबल टेनिसचं लांबलचक टेबल केलेलं होतं आणि त्यावर सामना रंगात आला होता. पलीकडे किटलीत चहा उकळत होता. शीळवाली टंकलेखिका शीळ घालत होती आणि चार जण तिच्या सुरात गात होते. पेनवाला पेनाने ठेका धरत होता. फायली मात्र भिंतीभर अशा लखलखीत लावलेल्या होत्या की वरच्या मजल्यांनी धडा घ्यावा. आणि या सगळ्यावर बाईंचा जुना पंखा गरगरत वारा घालत होता.

बाईंना बघून पंखेवाले साहेबांच्या हातून बॅट गळाली. कुणीतरी दबक्या आवाजात 'बूट' असा नेहमीचा इशारा दिला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत टेबलावर फायलींचे गठ्ठे आले, किटली कपाटात गेली, माना खाली गेल्या आणि कोपऱ्यातून एक सुस्कारा निघाला. तोच तो. बाईंनी तो ओळखला.

एकाचाही अर्ज का आला नाही हे त्यांना आत्ता उमगलं. आपण ज्याला काळं पाणी समजत होतो, तिथे ही मंडळी इतकी वर्षं सुखात लोळत होती, आणि वर कळलं तर बाई इथूनही हलवतील या धास्तीने सुस्कारे टाकत होती. बाईंना आधी संताप आला. मग हसू आलं. ते इतकं अनावर झालं की त्यांना फायलींच्या गठ्ठ्यावर बसावं लागलं. त्यांनी आपला आदेश पुढे केला. पंखेवाले साहेबांनी तो उजेडात धरून वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"म्हणजे तुम्ही इथल्याच?"

"इथलीच. नाटक पुरे करा आता."

"मग इथला नियम ऐका," पंखेवाले साहेब म्हणाले. "नवीन आलेल्याने चहा करायचा."

बाईंनी निमूट चहा केला. पहिला अगदी पाणचट झाला, कारण त्यांनी कैक वर्षांत चहा केला नव्हता. दुपारपर्यंत त्यांना बॅट धरता आली. संध्याकाळपर्यंत त्या पेनवाल्याशी गुणांवरून भांडत होत्या. रोज सकाळी त्या आता यजमानांच्या आधी उठायच्या, डब्यांना हातही न लावता निघायच्या, आणि यजमान दारात उभं राहून हात हलवायचे. दिवसाची इतकी गोडीगुलाबीची सुरुवात त्या घराने पाहिली नव्हती.

पंधरा दिवसांनी एका दुपारी सामना अगदी अटीतटीला आला होता. बाई जिंकायला आल्या होत्या. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. जड, सावकाश, साहेबी बूट. सगळ्यांच्या आधी बाईंनीच किटली कपाटात ढकलली, फायलींचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि कोपऱ्यातली सगळ्यात अंधारी खुर्ची गाठली. इतक्या झपाट्याने हे काम तिथे आजवर कुणाला जमलं नव्हतं.

धाकटे साहेब दारात उभे राहिले. खाली घातलेल्या माना बघून त्यांना भरून आलं. ते कोपऱ्यात बाईंपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मला झोप लागत नाही. माझ्यामुळे तुम्हाला हे भोगावं लागतंय. सल्लागार म्हणून तुम्हाला वर घेतो. आजच आदेश काढतो."

फायलींआडून सगळ्यांनी कान टवकारले.

बाईंनी मान आणखी खाली घातली. बॅट पाठीमागे खुर्चीत दडवली होती, ती टोचत होती.

"नको," त्या म्हणाल्या. "प्रशासकीय कारण आहे. भोगायलाच हवं."

आणि त्यांनी असा काही सुस्कारा टाकला, की पंखेवाले साहेबांनी मनातल्या मनात त्यांच्यापुढे हात जोडले.